आईच्या ओव्यांची फाइल, जुने फॉन्ट आणि ‘दिसतंय ना मराठी?’

प्रवराकाठ

मंडळी, धागा थोडा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात आई म्हणाली, “माझ्या ओव्या मोबाइलवर टाक ना, अक्षर मोठं करून वाचता येईल.” आईने अकोले तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर हिंडून, बायांच्या शेजारी बसून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. पाच वह्या भरल्या. २००३ मध्ये तालुक्याच्या गावी एका डीटीपीवाल्याकडून त्या टाइप करून घेतल्या आणि ८८ पानांची पुस्तिका छापली, २०० प्रती. आज घरात दोन उरल्यात, त्यातली एक वाळवीने खाल्लेली. वह्या घराचं काम चालू असताना पावसात भिजल्या, शाई वाहून गेली. मी मात्र निर्धास्त होतो, कारण डीटीपीवाल्याने दिलेली सीडी माझ्या कपाटात होती. वर मार्करने ‘ओव्या फायनल’ लिहिलेलं.

सीडी वाचली गेली हेच नशीब. आत दोन फाइल. एक पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरची, ती माझ्याकडच्या कुठल्याच मशीनवर उघडली नाही. दुसरी साधी वर्डची. ती लगेच उघडली, आणि पान भरून नुसती इंग्रजी अक्षरं. मध्येच कंस, अर्धविराम, टक्क्याची खूण. आईला वाटलं फाइल खराब झाली. फाइल ठणठणीत होती. त्या फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच, हे तिला सांगताना मला फार जड गेलं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी चित्र बसवत. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ लिहायचं तर ई, जे, के, मोठा बी, एच अशा कळा दाबायच्या. ई दाबलं की पडद्यावर म दिसे, जे दाबलं की र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ, एच म्हणजे दुसरी वेलांटी. फाइलमध्ये साठवलं जाई ते ई-जे-के-बी-एच. फॉन्ट मशीनवर असेल तोवर मराठी, फॉन्ट गेला की कचरा. त्यात श्रीलिपी, शिवाजी, सुरेख, कृतिदेव, प्रत्येकाचा नकाशा निराळा. एकाची फाइल दुसऱ्यात उघडली तर तिसरंच काहीतरी.

मी १९९८ पासून संगणकाच्या नादी लागलोय. तेव्हापासून पाहतोय, आपण मराठी माणसं एकच प्रश्न विचारतो: “दिसतंय ना मराठी?” दिसलं की काम झालं. शोधता येतं का, दुसऱ्या मशीनवर जातं का, वीस वर्षांनी उघडेल का, हे कोणी विचारत नाही. मीही त्या दिवशी सीडी घेताना विचारलं नव्हतं. आणि सोय नव्हती असं म्हणावं तर तसंही नाही. भारतीय लिप्यांतली अक्षरं साठवण्यासाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्येच ठरलं होतं. जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची, तिच्यात देवनागरी होती. विंडोज २००० बरोबर देवनागरी आली, त्यातला मंगल हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशींनी घडवलेला. एक्सपीमध्ये एका चौकटीत टिचकी मारून विंडोजची सीडी घालावी लागे, की मराठी सुरू. म्हणजे २००३ मध्ये वाट होती, आम्हाला कोणाला ती ठाऊक नव्हती.

झालं ते झालं. मला खरी कळकळ आजची आहे. परवा एका संस्थेचा वार्षिक अहवाल आला, पुन्हा तोच जुना फॉन्ट. इतक्या वर्षांनीसुद्धा. तुमचे अनुभव लिहा, आणि ओव्यांच्या बाबतीत काही मार्ग सुचत असेल तर जरूर सांगा.

खिळेजुळारी

आईंच्या वह्या भिजल्या हे वाचून गलबललं. माझा धंदाच डीटीपीचा, सत्तावीस वर्षं झाली, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

पेजमेकर ७ आला २००१ साली, आणि तोच शेवटचा. त्यात युनिकोड मराठी चालत नसे. अख्ख्या महाराष्ट्रातली लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकांचे मार्गदर्शक, सगळं त्यावर व्हायचं. पेजमेकरची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या नीट चालायला २०१२ उजाडलं, सीएस ६ या आवृत्तीपासून. तोवर छपाईसाठी आम्ही युनिकोड वापरणार कुठे? शिवाय तेव्हाचे युनिकोड फॉन्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि आमच्या जुन्या फॉन्टांत जोडाक्षरं कशी घोटीव. ‘द्ध’, ‘ह्म’, ‘ट्ट’ एकाखाली एक बसलेली. मंगलमध्ये पुस्तक छापून दाखवलं असतं तर लेखकाने परत केलं असतं.

दुसरं, आमचे हात रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेले. टंकलेखनाची सरकारी परीक्षा त्याच मांडणीवर दिलेली. मी डोळे मिटून पान टाइप करतो. आता चाळिशी-पन्नाशी ओलांडल्यावर बोटांना नवीन वाट शिकवायची म्हणजे वर्षभराची कमाई अर्धी. आम्हाला पैसे पानावर मिळतात. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने “मला आतला मजकूर युनिकोडमध्ये द्या” म्हटलेलं नाही. मागितलं असतं तर दिलं असतं.

प्रवराकाठ

खिळेजुळारी दादा, तुमच्यावर बोट नाहीच. तुम्ही नसतात तर ती पुस्तिकाही निघाली नसती. आणि शेवटचं वाक्य अगदी खरं आहे, आम्ही मागितलंच नाही.

एकच गोष्ट तुमच्यासारख्या जाणत्यांपर्यंत पोचायला हवी असं वाटतं. कळफलकाची मांडणी वेगळी आणि आत साठवलं जाणारं अक्षर वेगळं. दोन्हींची गाठ जुन्या फॉन्टांनी घातली होती, युनिकोडमध्ये ती सुटली. रेमिंग्टन मांडणीच ठेवून युनिकोड टाइप करता येतं, तसे कळफलक मिळतात. बोटं तीच, वेग तोच, फाइलमध्ये मात्र खरी मराठी. मी आमच्या ओळखीच्या एका टायपिस्ट काकांना बसवून दिलं, एका दुपारी त्यांना जमलं. अडलं ते फक्त पहिल्या वेलांटीला, कारण त्यांना ती अक्षराआधी दाबायची सवय.

ध्वनिवाचक

मी डोळ्यांनी वाचत नाही, संगणकाकडून ऐकतो. माझ्याकडे पडद्यावरचं वाचून दाखवणारा एनव्हीडीए आहे, फुकट मिळतो, आणि त्यातला ईस्पीक आवाज मराठी वाचतो. उच्चार थोडा यांत्रिक, पण कानाला सवय होते. हा धागा मी ऐकलाय आणि ऐकूनच लिहितोय.

“दिसतंय ना मराठी?” या प्रश्नात मी कुठेच नसतो. जुन्या फॉन्टमधली फाइल उघडली की माझ्या कानात शब्दशः ई, जे, के असंच येतं. तुम्हाला निदान फॉन्ट टाकला की दिसतं. मला फॉन्ट टाकूनही काही मिळत नाही, कारण मी चित्र वाचत नाही, मी आतलं अक्षर वाचतो. स्कॅन केलेली पीडीएफ तर माझ्या लेखी कोरा कागद.

स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो तेव्हा एका क्लासच्या नोट्स अशा होत्या. पैसे पूर्ण भरले होते. बहीण रोज रात्री जेवणं आटोपली की दोन तास वाचून दाखवायची आणि मी युनिकोडमध्ये टाइप करून घ्यायचो. दीडशे पानं केली आम्ही. नंतर त्याच फाइल क्लासमधल्या डोळस मुलांनी मागून नेल्या, कारण त्यात शब्द शोधता येत होता.

प्रवराकाठ, आईंच्या ओव्या युनिकोडमध्ये आल्या की मला नक्की पाठवा. जात्यावरच्या ओव्या ऐकण्यासाठीच आहेत.

मिरजेची शिक्षिका

धाग्याच्या विषयात बसतं का बघा. वर्गातल्या ६२ मुलांची यादी एक्सेलमध्ये केली, नावं मराठीत. वरून सांगितलं होतं सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल, करून अपलोड करा. तशी सेव्ह केली, अपलोड केली, आणि सगळी नावं प्रश्नचिन्हं! फाइल पुन्हा उघडली तर तिच्यातही प्रश्नचिन्हंच. मूळ एक्सेल त्याच नावाने होती म्हणून मी पुसून टाकली होती. पुन्हा हजेरीपट काढून बसले. ही नावं परत येऊ शकली असती का?

कोडकरी

ताई, प्रश्नचिन्हं झाली असतील तर नाही. नुसतं ‘सीएसव्ही’ निवडलं की एक्सेल जुन्या संकेतनात (अक्षरं साठवायच्या जुन्या पद्धतीत) लिहितं, त्यात देवनागरीला जागाच नाही, मग प्रत्येक अक्षरामागे एक प्रश्नचिन्ह टाकून मोकळं होतं. अक्षर तिथेच संपलं. यादीत ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असा दुसरा पर्याय असतो, तो घ्यायचा; यूटीएफ-८ म्हणजे युनिकोड साठवायची पद्धत.

दुसरा प्रकार दिसायला भयंकर, पण बरा होणारा. फाइल उघडल्यावर छोटा ए, त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ, पुढे काहीतरी खूण, पुन्हा तोच रेघवाला ए, असं ओळभर दिसतं. याचा अर्थ आत यूटीएफ-८ मराठी सुखरूप आहे, एक्सेलने ती चुकीची वाचली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि त्यातला पहिला बाइट सगळ्यांचा सारखा. तोच तो रेघवाला ए. अशा वेळी फाइल सेव्ह न करता बंद करायची, आणि एक्सेलच्या डेटा टॅबमधून मजकूर फाइल आयात करताना ६५००१ यूटीएफ-८ निवडायचं. नावं जशीच्या तशी येतात.

आता मीही मनातलं लिहितो. मी वेबसाइटची कामं करतो, आणि आमच्या बाजूच्या लोकांना मराठीचं गणित शिकवलंच जात नाही. ‘क्षितिजा’ हे नाव घ्या. आपल्याला तीन अक्षरं दिसतात. संगणकाच्या लेखी ती आठ चिन्हं: क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज, काना. बाइटमध्ये मोजलं तर चोवीस. फॉर्म बनवणाऱ्याने नावाला वीस बाइटची मर्यादा घातली की क्षितिजाचा ‘जा’ तुटतो, आणि फॉर्म तिला सांगतो “नाव चुकीचं आहे”. मी स्वतः अशा फॉर्मवर काम केलंय, आणि मर्यादा वाढवून घेण्यासाठी तीन बैठका भांडलोय. एसएमएसचंही तेच. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरं मावतात, देवनागरी आली की ७०. पैसे संदेशामागे, म्हणून कंपन्या मराठी निरोप रोमन लिपीत पाठवतात, आणि गावाकडची आजी नातवाला बोलावून विचारते काय आलंय.

पीडीएफबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. पीडीएफमध्ये अक्षरं नसतात, अक्षरांच्या आकृत्या असतात. सोबत एक तक्ता असावा लागतो, की ही आकृती म्हणजे हे युनिकोड अक्षर. तो तक्ता नसला किंवा अर्धवट असला की छापील पान सुंदर आणि कॉपी केलेला मजकूर मोडका. ‘शिवार’ कॉपी करा, पुष्कळदा वेलांटी आधी येते आणि श नंतर, कारण आकृत्यांचा क्रम डोळ्यांना दिसतो तसा असतो. मग त्या पीडीएफमध्ये ‘शिवार’ शोधलं तर सापडत नाही. आहे, समोर दिसतंय, आणि सापडत नाही.

रेघोट्या

कोडकरी, ल आणि श चंही लिहा हो. मराठी ल पाकळीचा आणि श गाठीचा. शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला, त्यातही तसंच दाखवलंय. तरी वेबसाइटवर, पाट्यांवर, मुलांच्या ॲपवर हिंदी वळणाचा ल. माझी मुलगी पहिलीत आहे. वहीत एक ल गिरवते, टॅबवर दुसरा, आणि विचारते बाई चुकल्या का.

कोडकरी

यात सगळ्यात दुःख याचं की बऱ्याच चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणं आहेत. युनिकोडमध्ये ल एकच, वळण फॉन्टने ठरवायचं. भाषा मराठी आहे असं पानात लिहिलं की फॉन्ट आपोआप मराठी वळण देतो. वेबपानावर ते दोन रोमन अक्षरांचं काम आहे, एम आणि आर. हिंदी पानाची नक्कल करून मराठी पान बनवतात आणि तिथे हिंदीची खूण, एच आणि आय, तसंच राहतं. मुलीच्या ॲपवाल्यांना हे एवढं लिहून पाठवा. मी एका ठिकाणी पाठवलं होतं, पंधरा दिवसांत बदललं त्यांनी.

ॲ वरून आठवलं. तुम्ही ‘ॲप’ लिहिलंत, त्यातलं ॲ हे अख्खं अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ लिहून वर चंद्र ठेवत. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. म्हणून जुन्या पानांवरचं ‘ॲड्रेस’ आज शोधून सापडत नाही.

सांजवेळ

मी एवढी तांत्रिक नाही. मला फक्त फोनच्या कळफलकाचा त्रास होतो. ‘नाही’ लिहायला घेतलं की ‘नहीं’ पुढे करतो. भाषा मराठी ठेवली तरी. आणि इन्स्क्रिप्ट शिकावं का या वयात? मी ५८ ची आहे.

ध्वनिवाचक

ताई, जरूर शिका. मी इन्स्क्रिप्टच वापरतो. १९८६ पासूनची कळफलकाची प्रमाण मांडणी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळेवर, ग-घ एका, त-थ एका. वर्णमाला पाठ असली की निम्मं काम झालं. रोज अर्धा तास दिला तर तीन आठवड्यांत हात बसतो. दुसऱ्या भारतीय लिपीतही तीच जागा. फोनवर भाषांच्या यादीतून हिंदी पूर्ण काढून टाकून बघा, सूचना बऱ्याच सुधारतात.

खिळेजुळारी

दोन दिवस या धाग्याचाच विचार चाललाय. ध्वनिवाचक, तुमचं लिहिणं घरी मोठ्याने वाचून दाखवलं. बायको गप्प बसली ऐकून.

काल मी रेमिंग्टन मांडणीचा युनिकोड कळफलक टाकला. पहिली वेलांटी सोडली तर हात चाललेत. नवीन कामाचा मजकूर आता असाच करणार, आणि पुस्तक देताना पीडीएफसोबत मजकुराची फाइलही देणार, न मागता.

प्रवराकाठ, माझ्याकडे जुनं एक्सपीचं मशीन अजून चालू आहे, पेजमेकर ६.५ सकट. त्यावर शंभरेक जुने फॉन्ट आहेत. तुमची पेजमेकरची फाइल पाठवा, ती उघडून पानांचे फोटो देतो. वर्डच्या फाइलचं रूपांतर केलंत की समोरासमोर ठेवून तपासता येईल. नुसत्या रूपांतरावर विसंबू नका. जुन्या फाइलमध्ये वेलांटी अक्षराआधी असते, ती मागे न्यावी लागते. रफार अक्षरानंतर असतो, तो पुढे आणावा लागतो. साध्या अक्षराला हे ठीक जमतं, जोडाक्षर आलं की चुकतं.

प्रवराकाठ

मंडळी, उशिरा लिहितोय, पण काम तडीला गेलं.

खिळेजुळारी दादांनी सगळ्या ८८ पानांचे फोटो पाठवले, एक पैसा घेतला नाही. वर्डच्या फाइलचं रूपांतर केलं. ४११ ओव्या. मग रोज रात्री आई छापील प्रत हातात धरून वाचायची आणि मी पडद्यावर बघायचो. दादा म्हणाले तसंच निघालं. ‘र्ती’ आणि ‘ष्ट्रि’सारख्या ठिकाणी वेलांट्या भलतीकडे गेलेल्या. ‘श्र’ काही ठिकाणी ‘श’ झालेला. आणि काही शब्द रूपांतराने बरोबर आणले, पण मीच प्रमाण करायला निघालो. आई म्हणाली, “त्या बाईनं तसंच म्हटलं होतं, हात लावू नको.” ते सगळे परत पूर्वीसारखे केले.

फाइल आईच्या फोनवर टाकली. तिने शोधाच्या चौकटीत ‘जोंधळा’ लिहिलं. एकामागून एक अकरा ओव्या आल्या. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग ‘पाळणा’ लिहिलं, मग तिच्या आईचं नाव. ध्वनिवाचक, तुम्हालाही पाठवली आहे, कशी ऐकू येते ते कळवा.

एक शब्द मात्र राहिला होता. माहेरच्या वाटेची एक ओवी आहे, २१७ क्रमांकाची. रूपांतरात तिथे ‘दर्या’ आलं, म्हणजे समुद्र. छापील प्रतीतही तेच, कारण टाइप करणाऱ्याने तेव्हा साधा रफारच दिला होता. मला ते इतकं काव्यमय वाटलं की मी पुढे निघालो. आईने थांबवलं. म्हणाली, “ही सांगणारी हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याची. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. माहेराला जायला तिला तीन दऱ्या उतरून चढाव्या लागायच्या.” बावीस वर्षं ती ओवी समुद्राची होऊन बसली होती, आणि छापून आल्यावर आईनेही तेवढा तपशील कोणाला सांगितला नव्हता, कारण कोणी विचारलं नव्हतं.

तो रफार काढला, ऱ टाइप केला, हलन्त दिला, मग या. पडद्यावर दऱ्या उमटलं. आईला फोन दाखवला, तिने बोटाने अक्षर मोठं करून पाहिलं आणि म्हणाली, “आता पुढची वाच.”